गच्चीवरची गोधडी आणि एफबीआयची फाईल: कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचा इतिहास कलावंत घरात का शोधतात?

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाकडे एक गोधडी आहे. सुमारे १९० सेंटीमीटर उंच आणि १७४ सेंटीमीटर रुंद. कडेने छापील कापडाचे चौकोनी तुकडे शिवलेले आहेत, मध्ये रंगवलेला कॅनव्हास. त्यावर एका इमारतीची गच्ची दिसते. चार मोठी माणसे पत्ते खेळत बसली आहेत, बाजूला खाण्याचे जिन्नस मांडले आहेत, अंथरुणावर दोन मुले आकाशाकडे बघत पडली आहेत. मागे दिव्यांनी उजळलेला मोठा पूल आहे. नीट पाहिले तर अंथरुणावरची मुलगी त्या पुलावरून उडतानाही दिसते.

फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने १९८८ मध्ये केलेल्या या कामाचे नाव 'टार बीच'. हार्लेममधल्या इमारतींच्या डांबर लावलेल्या गच्च्या उन्हाळ्याच्या रात्री गरिबांचा समुद्रकिनारा व्हायच्या, म्हणून हे नाव. १९९१ मध्ये याच गोष्टीचे मुलांसाठी पुस्तक झाले, त्याला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. तेव्हापासून अमेरिकेत अनेकांना रिंगगोल्ड ठाऊक आहेत त्या 'उडणाऱ्या मुलीच्या गोड गोष्टी'मुळे.

गोष्ट गोड आहेच. पण त्यात कामगार संघटनेने नाकारलेला बाप आहे आणि तो कामाच्या शोधात बाहेर पडला की रडणारी आईही आहे. मुलगी ज्या ज्या इमारतीवरून उडते ती ती इमारत आपल्या नावावर करून टाकते. ही सगळी अमेरिकी नागरी हक्कांच्या लढ्यातली कलमे आहेत, फक्त ती आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून येतात.

आता दुसरी वस्तू. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या सेडी बार्नेट या कलावंताच्या कुटुंबाने माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून एफबीआयकडून एक फाईल मिळवली. सुमारे ५०० पानांची. ती सेडी यांच्या वडिलांवर पाळत ठेवून तयार केलेली होती. सेडी यांनी त्यातली पाने भिंतीवर लावली आणि त्यांवर गुलाबी स्प्रे मारला, चमकते खडे चिकटवले.

एका बाजूला जुन्या कापडाची गोधडी, दुसऱ्या बाजूला सरकारी कागद. दोन्हींत काम तेच झाले आहे: लहानपणच्या घरातल्या आठवणीला मुक्तिलढ्याच्या इतिहासाशेजारी, बरोबरीच्या जागेवर बसवण्याचे. असे करावे का लागते, हे समजून घ्यायचे तर आधी अमेरिकेच्या जनगणनेत डोकवावे लागेल.

नावाचा रकानाच नव्हता

अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचे नाव लिहिले जाई. त्याखाली गुलामांच्या ओळी: वय, लिंग, रंग. नाव, मोजके अपवाद सोडता, नाही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर माणसांची नोंद होती, पण 'नाव' हा कॉलमच तयार केलेला नव्हता. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली आणि १८७० च्या जनगणनेत या लाखो माणसांची नावे पहिल्यांदा इतरांसारखी लिहिली गेली. म्हणूनच आजचा एखादा कृष्णवर्णीय अमेरिकन आपली वंशावळ शोधू लागला की १८७० पाशी येऊन बहुतेक वेळा थांबतो. तिथले वंशावळ-अभ्यासक त्याला सरळ 'विटांची भिंत' म्हणतात.

मग भिंतीपलीकडचे काय उरले? आडनावाबद्दलची एखादी दंतकथा, पाककृती, गाणी आणि शिवण.

रिंगगोल्ड यांच्या घरात शिवण उरली. त्यांच्या पणजीची आई सूझी शॅनन गुलामगिरीत जन्मलेली. मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवणे हे तिच्या कामापैकी एक होते. ते कौशल्य मुलीकडे, नातीकडे असे उतरत विली पोझी यांच्यापर्यंत आले. या विली म्हणजे फेथ यांच्या आई. मूळच्या फ्लोरिडाच्या, हार्लेममध्ये त्यांनी फॅशन डिझायनर म्हणून नाव कमावले. पिठाच्या गोण्या उकळून, पांढऱ्याशुभ्र करून त्यांचे अस्तर गोधडीला लावणारी आजी विली यांनी लहानपणी पाहिली होती आणि ते त्यांनी मुलीला सांगितले. फेथ यांना बालपणी दमा होता, शाळा बरीच बुडायची. घरात बसलेल्या या मुलीच्या हातात आईने रंगखडू आणि कापडाचे तुकडे दिले.

१९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली, 'एकोज ऑफ हार्लेम'. पुढच्याच वर्षी आई वारली. म्हणजे सूझी शॅननपासून आलेला हा धागा फेथ यांच्या हातात आला तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या आणि शिकवणारी व्यक्ती जेमतेम वर्षभर सोबत होती. कागदावरच्या वंशावळीत हे कुठेच सापडत नाही. गोधडीत ते टाक्याच्या रूपाने आहे.

मग संग्रहालयांनी हे आधीच का जपले नाही?

या प्रश्नाचे उत्तर पाच डॉलर असे देता येईल.

हॅरिएट पॉवर्स या जॉर्जियात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मल्या. १८८६ च्या सुमारास त्यांनी बायबलमधल्या प्रसंगांची एक गोधडी शिवली. एका गोऱ्या कलाशिक्षिकेला ती प्रदर्शनात आवडली. आधी पॉवर्स यांनी विकायला नकार दिला. नंतर घरची परिस्थिती बिकट झाली तेव्हा दहा डॉलर मागितले, मिळाले पाच. विकल्यावरही त्या आपली गोधडी पाहायला त्या बाईंच्या घरी जात असत. प्रत्येक चौकोनाचा अर्थ त्यांनी सांगितला आणि खरेदीदार बाईंनी तो लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्यापर्यंत आला. ती गोधडी आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

ही एक गोधडी आणि पॉवर्स यांचीच दुसरी एक, बोस्टनच्या संग्रहालयातली, एवढ्या दोनच आज ठाऊक आहेत. बाकीच्या कितीतरी बायकांच्या गोधड्या वापरून विरल्या. त्यांना 'कला' म्हणायचे की 'घरकाम', हा निर्णय शिवणाऱ्या बायकांच्या हातात कधीच नव्हता.

गोष्टीतली 'आजोबांची अट'

'टार बीच'कडे परत येऊ, कारण त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुतेक वाचक पान उलटताना ओलांडून जातात.

गोष्टीतली मुलगी कॅसी आठ वर्षांची आहे, साल १९३९. तिचे वडील उंच पोलादी तुळयांवर चालणारे बांधकाम मजूर. समोर दिसणारा जॉर्ज वॉशिंग्टन पूल बांधण्यात त्यांचा हात आहे. आता ते कामगार संघटनेच्याच नव्या इमारतीवर काम करताहेत. पण त्या संघटनेचे सदस्य ते होऊ शकत नाहीत. कारण? कॅसीचे आजोबा सदस्य नव्हते.

लहान मुलाला ही अट विचित्र वाटेल. मोठ्यांना वाटू नये, कारण ती खरी होती. न्यूयॉर्कच्या बांधकाम क्षेत्रातील अनेक संघटनांत शिकाऊ म्हणून प्रवेश मिळायला आतल्या सदस्याची शिफारस लागे, आणि शिफारस व्हायची ती मुलाची, पुतण्याची, भाच्याची. पत्राकाम करणाऱ्या कामगारांच्या 'लोकल २८' या संघटनेने कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे बाहेर ठेवल्याचा निष्कर्ष न्यूयॉर्क राज्याच्या आयोगाने १९६४ मध्ये काढला. त्यानंतरही खटला चालत राहिला. सदस्यत्वात सुमारे २९ टक्के अल्पसंख्याक असावेत, हे न्यायालयाने घालून दिलेले उद्दिष्ट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कायम केले ते १९८६ मध्ये. रिंगगोल्ड यांनी ही गोधडी शिवली त्याच्या दोनच वर्षे आधी. म्हणजे १९३९ सालच्या आठवणीतला आजोबांचा मुद्दा १९८८ मध्येही शिळा झालेला नव्हता.

याला आणखी जुना पदर आहे. १८९० च्या दशकापासून दक्षिणेतील राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्यासाठी साक्षरता आणि मालमत्तेच्या अटी आणल्या. पण या अटींत गरीब, निरक्षर गोरेही अडकणार होते. मग पळवाट काढली गेली. लुइझियानाने १८९८ मध्ये ठरवले की १ जानेवारी १८६७ रोजी ज्याच्या वडिलांना किंवा आजोबांना मताधिकार होता त्याला या अटी लागू नाहीत. त्या तारखेला तिथल्या जवळपास कोणत्याही कृष्णवर्णीयाला मत नव्हते, हे ठरवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. याच नियमाला 'ग्रँडफादर क्लॉज' म्हणतात. ओक्लाहोमातील असाच नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केला. (आज एखादी टेक कंपनी जुन्या ग्राहकांना जुन्याच दरात प्लॅन चालू ठेवते आणि त्याला 'ग्रँडफादर्ड' म्हणते, तो शब्द इथून आला. किती जणांना हे माहीत असेल?)

यातून एक गोष्ट दिसते. 'तुझे आजोबा कोण?' हा प्रश्न अमेरिकेत कौटुंबिक गप्पांचा नव्हता, तो कायद्याचा आणि रोजगाराचा प्रश्न होता. भेदभावाने कुटुंबालाच हत्यार केले होते. म्हणून कलावंताने उत्तर कुटुंबातूनच दिले, तर त्याला भाबडे स्मरणरंजन म्हणता येत नाही.

कॅसीचे उत्तर सोपे आहे. ती संघटनेच्या इमारतीवरून उडते आणि ती इमारत वडिलांना देऊन टाकते. आइस्क्रीमच्या कारखान्यावरून उडते, म्हणजे रोज रात्री जेवणानंतर आइस्क्रीम. आईला शेजारच्या बाईंसारखे सकाळी उशिरापर्यंत झोपता येईल. एका मजूर कुटुंबाला काय काय मिळालेले नाही, याची ही नेमकी यादी आहे: मालकी, कामाची हमी, विश्रांती. मोर्च्यातल्या फलकावर हेच लिहिलेले असते.

पण उडणेच का?

गुलामगिरीच्या काळातील लोककथांत 'उडून जाणारे आफ्रिकी' वारंवार येतात. शेतात फटके खाणारा माणूस एक जुना शब्द उच्चारतो आणि हवेत उठून समुद्रापलीकडे मायदेशी जातो. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या वृद्धांकडून अशा कथा १९३० च्या दशकात सरकारी लेखन प्रकल्पाने टिपून घेतल्या, १९४० मध्ये त्या पुस्तकरूपात आल्या. यामागे एक प्रत्यक्ष घटनाही सांगितली जाते: १८०३ मध्ये सेंट सायमन्स बेटाजवळ इग्बो कैद्यांनी जहाजाचा ताबा घेतला आणि गुलामीत जाण्याऐवजी ते पाण्यात चालत गेले. 'इग्बो लँडिंग' म्हणून ती जागा ओळखली जाते. तिथे माणसे बुडाली. कथेत ती उडाली.

रिंगगोल्ड यांनी केलेला बदल लहान दिसतो, पण मोठा आहे. त्यांची मुलगी उडून आफ्रिकेत जात नाही. ती हार्लेमवरच घिरट्या घालते आणि गच्चीवर परत येते. तिला निघून जायचे नाही, इथलेच आपले करायचे आहे. पुढे १९९६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या १२५व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वे स्थानकात मोझेक चित्रे केली. त्यातही हार्लेमचे नायक-नायिका हार्लेमवरूनच उडताहेत.

रिंगगोल्ड 'मवाळ' झाल्या का?

अनेक लेखांत त्यांचा प्रवास असा मांडला जातो: आधी संतापलेली आंदोलक, नंतर प्रेमळ गोष्टी सांगणारी आजी. हे सोयीचे आहे, पण पटत नाही.

संताप होता, यात वाद नाही. १९६७ च्या 'डाय' या सुमारे साडेतीन मीटर रुंद चित्रात गोरे आणि काळे, सुटाबुटातले आणि झुळझुळीत कपड्यांतले स्त्री-पुरुष रक्तबंबाळ होऊन एकमेकांवर तुटून पडले आहेत. मध्यभागी दोन मुले, एक काळे आणि एक गोरे, एकमेकांना घट्ट धरून बसली आहेत. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये राष्ट्रध्वजाच्या वापरावरचे प्रदर्शन भरवल्याबद्दल रिंगगोल्ड आणि दोन सहकाऱ्यांना अटक झाली. त्याच वर्षी व्हिटनी संग्रहालयात स्त्री कलावंतांना, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांना जागा मिळावी म्हणून त्यांनी निदर्शने केली. ब्लॅक पँथर पक्षासाठी आणि अँजेला डेव्हिस यांच्या सुटकेसाठी त्यांनी पोस्टर केली.

मग कापड का? कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत आणि तीच जास्त रंजक आहेत. १९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांनी तिबेटी थांका पाहिले: कापडाची चौकट असलेली, गुंडाळता येणारी चित्रे. मोठाले कॅनव्हास घरातून खाली उतरवायला आणि दुसऱ्या गावी पाठवायला माणसे आणि पैसे लागतात. कापड गुंडाळून पेटीत भरता येते. कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र कोणती गॅलरी लावणार, हा प्रश्न असताना विद्यापीठांत, छोट्या सभागृहांत चित्र स्वतः नेता येणे म्हणजे स्वातंत्र्यच.

दुसरे कारण अधिक बोलके. त्यांनी आत्मचरित्र लिहिले होते, प्रकाशक मिळत नव्हता. मग त्यांनी मजकूर गोधडीवरच लिहायला सुरुवात केली. गोधडी प्रदर्शनात लागली की शब्दही लागले, प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छायाचित्र आले की मजकूरही छापला गेला. १९८३ ची 'हूज अफ्रेड ऑफ आंट जमायमा?' ही त्यांची पहिली 'कथा-गोधडी'. पॅनकेकच्या पिठाच्या डब्यावरची, गोऱ्यांच्या घरी राबणारी हसरी काळी बाई त्यांनी उचलली आणि तिला कुटुंब दिले, धंदा दिला. आत्मचरित्र शेवटी १९९५ मध्ये निघाले.

'डाय' हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विकत घेतले २०१६ मध्ये, म्हणजे ४९ वर्षांनी. २०१९ मध्ये ते पिकासोच्या गाजलेल्या चित्राशेजारी लावले गेले. न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले ते २०२२ मध्ये, त्यांच्या वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मवाळ त्या झाल्या की संग्रहालयांना उशिरा जाग आली, हे वाचकांनी ठरवावे. तारखा समोर आहेत.

जिथे कागद होते, तिथे काय?

सूझी शॅननच्या पिढीबाबत सरकारने नाव लिहिले नाही. शंभर वर्षांनी नेमके उलटे झाले: सरकारने सगळेच लिहून काढले.

रॉडनी बार्नेट व्हिएतनाम युद्धात लढून आले आणि १९६८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्पटन शहरात ब्लॅक पँथर पक्षाची शाखा सुरू केली. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेला हा पक्ष पोलिसी अत्याचारांविरुद्ध सशस्त्र गस्त घालत होता आणि मुलांना सकाळची न्याहारीही देत होता. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी १९६९ मध्ये या पक्षाला देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सर्वांत मोठा धोका ठरवले. 'कोइंटेलप्रो' या गुप्त कार्यक्रमाखाली घुसखोरी, बनावट पत्रे, बदनामी हे सगळे झाले. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत पोलिसांच्या छाप्यात २१ वर्षांचे फ्रेड हॅम्प्टन मारले गेले. मार्च १९७१ मध्ये काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातील एफबीआयच्या कार्यालयातून कागद पळवून वृत्तपत्रांना पाठवले, तेव्हा कुठे हा कार्यक्रम उघड झाला.

रॉडनी यांची फाईल याच काळातली. त्यात त्यांच्या ओळखीच्या लोकांकडे केलेल्या चौकशा आहेत. ते टपाल खात्यात नोकरीला होते. लग्न न करता एका स्त्रीसोबत राहतात, या कारणावरून ती नोकरी गेली. फाईलमध्ये अनेक ओळी काळ्या शाईने झाकलेल्या आहेत. माहिती कुणी दिली ते कळू नये म्हणून.

त्यांची मुलगी सेडी १९८४ ची, म्हणजे हे सगळे घडून गेल्यानंतर जन्मलेली. तिला ठाऊक असलेले वडील घरातले होते. फाईलमधला माणूस अनोळखी होता: 'संशयित', 'धोकादायक', वजन-उंचीसह. आपल्याच बापाचे चरित्र आपल्याला त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याने लिहिलेले वाचावे लागते, ही अवस्था चमत्कारिक आहे. त्यातही एक कडवट विनोद आहे: गुप्तचरांनी इतक्या बारकाईने लिहिले की कुटुंबाकडे नसलेले काही तपशीलही त्यात सापडतात.

सेडी यांनी ओकलंडच्या संग्रहालयात २०१६ मध्ये, पँथर पक्षाच्या पन्नाशीनिमित्तच्या प्रदर्शनात ही पाने मांडली. त्यांनी कागद फाडले नाहीत, खोटेही ठरवले नाहीत. गुलाबी रंग उडवला, खडे लावले. जणू लहान मुलीने वडिलांच्या टेबलावरच्या कागदांवर आपली वही समजून चितारावे. पाळतीची भाषा तशीच वाचता येते, पण पान आता तिचे झालेले असते. कॅसी इमारतीवरून उडून ती आपली करते, तसेच.

शेजारी दुसरे काम होते: वडिलांची दोन छायाचित्रे. एक १९६६ चे, सैनिकी गणवेशात. दुसरे १९६८ चे, पँथरच्या काळ्या जाकिटात. मध्ये दोनच वर्षे. एकाच देशाने या माणसाला आधी परदेशात लढायला पाठवले आणि मग घरी शत्रू ठरवले, हे सांगायला तिथे मजकुराची गरज पडत नाही.

पुढे सेडी यांनी वडिलांचा बारही कलेत आणला. रॉडनी यांनी १९९० ते १९९३ या काळात सॅन फ्रान्सिस्कोत 'न्यू ईगल क्रीक सलून' चालवला. समलिंगी लोकांसाठीचा, कृष्णवर्णीय मालकाचा तिथला पहिला बार. सेडी तेव्हा प्राथमिक शाळेच्या वयाची होती. २०१९ मध्ये तिने तो बार चमचमत्या रूपात पुन्हा उभा केला. मुक्तिलढा म्हणजे फक्त बंद मूठ आणि बेरेट टोपी, अशी समजूत असेल तर हा बार ती मोडतो. रंगामुळे आणि लैंगिकतेमुळे दोन्हीकडून बाहेर काढल्या जाणाऱ्यांना निर्धास्त बसायला एक जागा देणे, हेही त्याच कामाचे पुढचे पान होते.

आठवण चुकीची असली तर?

हा प्रश्न टाळता येणार नाही. १९९९ मध्ये एक पुस्तक आले, 'हिडन इन प्लेन व्ह्यू'. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांच्या नक्षीत सांकेतिक खुणा असत, असा त्यातला दावा. आधार एका कुटुंबात चालत आलेली आठवण. गोष्ट इतकी सुंदर की ती शाळाशाळांत शिकवली गेली. इतिहासकारांनी मात्र प्रश्न उभे केले: पळून आलेल्यांच्या शेकडो कथनांत या खुणांचा उल्लेख नाही, काही नक्षी तर नंतरच्या काळातल्या. आज बहुतेक अभ्यासक हा दावा स्वीकारत नाहीत.

म्हणजे घरातली आठवण ही पुरावा म्हणून आली की तिला पुराव्याचे नियम लागणारच. पण हाच निकष एफबीआयच्या फाईललाही लावायला हवा आणि तिथे आपण फार वेळा विसरतो. शिक्का असलेला कागद म्हणजे सत्य, असा आपला समज असतो. खबऱ्याने पैशासाठी सांगितलेले आणि आईने मुलीला शिवता शिवता सांगितलेले, या दोन्हींत पहिल्यालाच आपोआप 'दस्तऐवज' का म्हणायचे? रिंगगोल्ड यांनी स्वतःच्या गच्चीवरच्या आठवणींतून कॅसी ही काल्पनिक मुलगी घडवली आणि ती काल्पनिक आहे हे लपवले नाही. त्यामुळे ती दंतकथेच्या सापळ्यात अडकत नाही. संघटनेची अट मात्र खरी ठेवली.

मराठी वाचकांना यातले ओळखीचे काय?

ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे सर्वज्ञात आहे. कमी ठाऊक असलेला धागा गोव्यापासून निघतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपैकी अनेकजण गोव्यातून निसटून आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलांत गेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात त्यांचे वंशज, सिद्दी, राहतात आणि घरात कोकणीच्या अंगाची बोली बोलतात. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या आणि कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात: कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत मध्यापर्यंत. कोपऱ्यांत घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली, असे मानतात.

आफ्रिकेतून तोडून आणलेली माणसे, समुद्राच्या दोन विरुद्ध दिशांना, आणि दोन्हीकडे बायकांच्या हातात तुकड्यांची गोधडी. यावरून कोणताही थेट वारसा सिद्ध होत नाही. गोधडी आपल्या घराघरांतही शिवली जाते. पण परदेशी संग्रहालयांनी आणि अभ्यासकांनी कवंदीची दखल घेतली आणि महाराष्ट्र-गोव्यात मात्र तिचे नावही फारसे माहीत नाही, हे बोचणारे आहे.

आज हा विषय तातडीचा का?

२७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या एका आदेशात, इतिहासात 'सत्य आणि शहाणपण' परत आणण्याच्या नावाखाली, स्मिथसोनियन संस्थेवर फूट पाडणारी विचारधारा पसरवत असल्याचा ठपका ठेवला गेला. त्यात वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास आणि संस्कृती संग्रहालयाचे नाव घेतलेले आहे. भिंतीवर काय लावायचे, कोणत्या पाटीवर कोणते शब्द लिहायचे, हे बदलण्याची ताकद अशा आदेशांत असते. १८६० च्या तक्त्यात काय लिहायचे नाही, हेही कुणीतरी असेच ठरवले होते.

याच संग्रहालयाचा एक उपक्रम फारसा चर्चेत नसतो. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. त्या स्थलांतराच्या नावाने संग्रहालय कुटुंबांच्या घरगुती चित्रफितींचे विनामूल्य डिजिटायझेशन करून देते. वाढदिवस, चर्चमधला रविवार, अंगणातले जेवण, नव्या मोटारीसमोर उभे राहिलेले आजोबा. तंत्रज्ञ रीळ साफ करतात, स्कॅन करतात. मूळ रीळ आणि डिजिटल प्रत कुटुंबाला परत मिळते, आणि कुटुंबाची परवानगी असेल तर एक प्रत संग्रहालयाकडे राहते.